मोतीला लाल जॅकेट घालू नकोस

बाय, डिचोलीहून न्यू जर्सीला येताना मोतीला ‘सर्व्हिस डॉग’, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा, म्हणून दाखवलं तर विमानाच्या केबिनमध्ये घेतील का, ऑनलाइन मिळणारं प्रमाणपत्र चालेल का, असं विचारलंयस.

त्या कागदाला काडीची किंमत नाही. इथल्या अपंग हक्क कायद्यात सर्व्हिस डॉगची नोंदणी नाही, प्रमाणपत्रही नाही. दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कुठलं काम शिकवलंय? सगळं माणसाच्या शब्दावर, म्हणून लबाडी सोपी. विमानाचं तसं नाही. जानेवारी 2021 पासून ‘भावनिक आधाराचा’ कुत्रा केबिनमध्ये घ्यायचं बंधन कंपन्यांवर उरलेलं नाही. सर्व्हिस डॉगसाठी सरकारी फॉर्म असतो आणि त्यात खोटं लिहिणं हा गुन्हा. नव्या व्हिसावर हा उपद्व्याप कशाला?

आता माझं ऐक. सर्व्हिस डॉगला घालतात तसलं लाल जॅकेट मीही माझ्या साध्या कुत्र्यासाठी घेतलं होतं, तीस डॉलरला. एकदा किराणा दुकानात माझा कुत्रा एका अंध बाईंच्या लॅब्राडोरवर भुंकत धावला. लॅब्राडोर भुंकला नाही, नुसता थिजला. बाईंचा एक हात हार्नेसच्या दांड्यावर, दुसरा शेल्फवर चाचपडतोय, डबे खाली पडतायत आणि त्या विचारतायत, “काय झालं? काय झालं?” असा धसका घेतलेला कुत्रा कधीकधी कामातूनच जातो. मॅनेजर माझ्यावर नाही, त्यांच्यावरच खेकसला. मी मात्र गुपचूप सटकलो.

खरं काम वेगळंच आहे, ते रेबीजचं. गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, पण अमेरिकेच्या यादीत अख्खा भारत जास्त धोक्याचा. त्यातून सर्व्हिस डॉगलाही सूट नाही. आधी ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिप, मग रेबीजची लस. क्रम चुकला तर लस धरत नाहीत. पहिल्या लशीनंतर निदान 30 दिवसांनी मान्यताप्राप्त लॅबसाठी रक्त काढायचं आणि त्यानंतर प्रवेशापर्यंत 28 दिवस जाऊ द्यायचे. हा रिपोर्ट नसेल तर इथे उतरल्यावर 28 दिवस क्वारंटाईन, खर्च तुझा. विमानतळही ठरलेलेच, तुला न्यूयॉर्कचा जेएफके सोयीचा. लस आणि चिपबद्दल कुत्र्याच्या डॉक्टरांनी भरलेल्या फॉर्मवर सरकारी पशुवैद्याची सही लागते, निर्यातीचा दाखला मुंबईहून घे.

घरमालकाला सरळ सांग, कुत्रा आहे. मीही आता दर महिन्याला पेट रेंट, म्हणजे कुत्र्याचं जादा भाडं, भरतो, कुरकुरत का होईना.

चतुर्थीनंतर निघणार असशील तर चिप याच आठवड्यात बसव. आणि प्रवासाचा पिंजरा आत्ताच आणून ओसरीवर ठेव. दार उघडं, आत तुझी जुनी ओढणी आणि पेजेतला थोडा भात. मोती स्वतःहून आत जाऊन झोपायला लागला की मगच दार लावून बघ.