२२ वर्षांच्या बॉयलरसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न: आमचा गॅसवर चालणारा बॉयलर २२ वर्षांचा आहे. अजून चालतो, पण यंदा तपासणीला आलेल्या तंत्रज्ञाने त्याची कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या आसपास असल्याचं सांगितलं आणि कंडेन्सिंग बॉयलर घ्यायला सुचवलं. ३० किलोवॉटच्या मॉडेलचं कोटेशन आलं आहे. बसवण्याच्या खर्चासकट किंमत आमच्या वर्षभराच्या हीटिंगच्या बिलाच्या दुप्पट आहे. माहितीपत्रकात कार्यक्षमता १०७ टक्के लिहिली आहे. पैशांसाठी सहा महिन्यांच्या घरखर्चाची मुदत ठेव मोडावी लागेल, नाहीतर विक्रेता १० टक्के व्याजाने पाच वर्षांचे हप्ते करून देतो आहे. गरम पाण्याची टाकी वेगळी आहे, माळ्यावर इन्सुलेशन जेमतेमच आहे. सगळ्यात थंड दिवशी २४ तासांत २२ घनमीटर गॅस लागला. काय करावं?

उत्तर: ठेव मोडू नका, आणि या कोटेशनवर सहीही करू नका. बॉयलर मात्र बदला. हिवाळा सरल्यावर बदला आणि आणखी लहान घ्या.

आधी त्या १०७ टक्क्यांचं बघू, कारण तुमचं सगळं गणित त्यावर उभं आहे. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिच्यात बरीच उष्णता अडकलेली असते. जुना बॉयलर ती धुराबरोबर बाहेर सोडतो. कंडेन्सिंग बॉयलर त्या वाफेचं पुन्हा पाणी करून ती उष्णता परत मिळवतो. काही माहितीपत्रकांत ही अडकलेली उष्णता गॅसच्या हिशेबात धरतच नाहीत, म्हणून आकडा शंभराच्या वर जातो. ती धरली तर १०७ चे साधारण ९६ होतात, आणि तेही प्रयोगशाळेत. घरात वर्षभराची सरासरी ९२ आली तरी उत्तम समजा.

आता ७० वरून ९२ वर गेलात तर बचत २२ टक्के नसते, ती २४ टक्के असते. हीटिंगचं बिल १०० धरा. त्यातले ७० घराला मिळत होते. तेच ७० नव्या बॉयलरकडून घ्यायला ७६ लागतील. म्हणजे वर्षाला २४ वाचले. किंमत २०० असेल तर ती आठ-सव्वाआठ वर्षांत भरून निघते. बॉयलर नीट सांभाळला तर पंधरा वर्षं चालतो, तेव्हा हा सौदा वाईट नाही.

पण हे २४ आपोआप मिळत नाहीत. वाफेचं पाणी व्हायला रेडिएटरमधून फिरून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. त्याहून गरम पाणी परत आलं तर तुमचा महागडा बॉयलर साध्या बॉयलरसारखाच वागतो, कार्यक्षमता ८५ च्या आसपास येते आणि बचत १७-१८ वर घसरते. परतफेड आठ वर्षांवरून अकरा वर्षांवर जाते. मी एका अशिलाच्या घरी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. बॉयलर नवाकोरा, खाली निथळलेलं पाणी वाहून नेणारी पांढरी प्लास्टिकची नळी, आणि ऐन थंडीत ती नळी कोरडी ठणठणीत. पाणी ८० अंशांवर लावलेलं होतं, बसवल्यापासून कुणी हात लावला नव्हता. त्या कुटुंबाने दोन हिवाळे ज्या बचतीसाठी हप्ते भरले, ती बचत होतच नव्हती. मला अजून वाईट वाटतं, कारण ते एक बटण फिरवण्याचं काम होतं.

म्हणून पैसे मोजण्याआधी घराची परीक्षा घ्या. कडाक्याच्या थंडीचे दोन-तीन दिवस निवडा आणि रेडिएटरकडे जाणारं पाणी ७५ वरून थोडं थोडं करत ५५ अंशांवर आणा. इतक्या पाण्यावर रेडिएटर जवळजवळ निम्मीच उष्णता देतात, पण पुष्कळ घरांत ते गरजेपेक्षा मोठे बसवलेले असतात. खोल्या उबदार राहिल्या तर नवा बॉयलर तुमच्याकडे पूर्ण काम करेल. दोन गोष्टी सांभाळा. जुना बॉयलर कायम असा चालवू नका, आत पाणी सुटून तो गंजतो. तंत्रज्ञाला आधी विचारून घ्या. आणि टाकीतलं पाणी ६० अंशांखाली ठेवू नका, कोमट साठवणीत लेजिओनेला जिवाणू वाढतात.

घर थंड पडलं तर? माझा अंदाज आहे की तुमच्या माळ्यामुळे ते थोडं पडेलच. त्यासाठी पहिला पैसा माळ्यावर घाला. इन्सुलेशनचा खर्च बॉयलरच्या मानाने थोडा असतो, तो आत्ताच चालू उत्पन्नातून करा. त्याने गॅस तर वाचतोच, शिवाय कमी गरम पाण्यावर घर भागतं, म्हणजे उद्याचा बॉयलरही जास्त वाचवतो. हा क्रम उलटा केला की नुकसान होतं: आधी उघड्या घराच्या मापाने मोठा बॉयलर, मग इन्सुलेशन, मग बॉयलर वाजवीपेक्षा मोठा.

मापाबद्दल तर मला कोटेशन देणाऱ्याचा रागच आला. तुमचे २२ घनमीटर म्हणजे साधारण २३० किलोवॉट-तास. २४ ने भागले तर साडेनऊ किलोवॉट, त्यातले ७० टक्के घराला मिळाले, म्हणजे सगळ्यात थंड दिवशी तुमची सरासरी गरज सात किलोवॉटच्या आत आहे! पहाटेची थंडी आणि टाकी तापवणं धरून बारा-पंधरा पुरे. नळ सोडताच पाणी तापवणारा बॉयलर असता तर ३० ची गरज समजू शकलो असतो, पण तुमची टाकी वेगळी आहे. ३० चा बॉयलर एक पंचमांशापर्यंतच खाली येत असेल तर त्याची सर्वात मंद आच सहा किलोवॉट. उरलेल्या सौम्य थंडीत तो सारखा पेटत-विझत राहणार, गॅस आणि सुटे भाग दोन्ही खाणार. दोन ठिकाणांहून नवी कोटेशनं घ्या. घराची उष्णतेची गरज मोजून आणि बॉयलरची किमान क्षमता लिहूनच द्या, असं त्यांना सांगा. बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप बदलणारा सेन्सर, जुने पाइप धुऊन काढणं आणि धुराचा नवा पाइप किमतीत आहेत का, तेही विचारा. जुन्या चिमणीतून या बॉयलरचा ओलसर, आम्लयुक्त धूर तसाच सोडता येत नाही. हा खर्च बऱ्याचदा मागाहून निघतो.

पैशांबद्दल. विक्रेत्याच्या हप्त्यांत २०० वर पहिल्या वर्षीचं व्याजच १८ ते १९ होतं. म्हणजे वाचलेल्या २४ मधले बहुतेक व्याजातच जातील, आणि बचत १८ वर घसरली तर सगळेच. ठेवीचं म्हणाल, तर ती नोकरी गेली किंवा घरात कुणी आजारी पडलं तर आहे. बॉयलर आज ना उद्या जाणार हे तुम्हाला माहीत आहे, मग तो ठरलेला खर्च आहे. आजपासून आवर्ती ठेव सुरू करा. लहान मॉडेलची किंमतही कमी येईल, आणि हीटिंगचा हंगाम संपला की तंत्रज्ञांना वेळ असतो, भाव करता येतो. तोवर पुरेसे जमले नाहीत तर फक्त कमी पडणाऱ्या रकमेचं कर्ज घ्या, ते दोन वर्षांत फिटेल. बॉयलर मध्येच बंद पडला तरी हेच करा, फक्त घाईत ३० किलोवॉटला होकार देऊ नका. आणि जुना चालू आहे तोवर घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, याला थांबू नका.

सगळ्या रकमेचा शेवटचा भाग हातात राखून ठेवा, तसं कोटेशनवर लिहून घ्या. थंडी सुरू झाली की तंत्रज्ञाला बोलवा, रेडिएटर चालू असताना दोघांनी मिळून ती पांढरी नळी बघा. थेंब पडत असतील तर उरलेले पैसे द्या.