बेडकी: मादी की बारकी?

अंबाजोगाईकडच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: "बेडूक नर, बेडकी मादी असं वर्गात सांगितलं, तर एक पोरगं म्हणालं, आमची आजी बारक्या बेडकाला बेडकी म्हणती. खरं कोणाचं?"

बोलीपुरतं तरी आजीचं खरं. मराठीत शेवटी 'ई' आली की कुत्रा-कुत्रीसारखं लिंग बदलतं, तसाच सुरा-सुरी, लोटा-लोटीसारखा आकारही घटतो. बेडकी या दुसऱ्या रांगेत बसते. पाऊस लागून महिना-दीड महिना झाला, की नखाएवढी पिलं वाटेवर टुणटुण उड्या मारत निघतात. त्या आपल्याकडं 'बेडक्या'. त्यात नर कोण, मादी कोण हे कुणी बघत नाही. 'बेडकी फुगून बैल होत नाही' म्हणतात, तिथंही सगळा जोर इवलेपणावर आहे.

बेडकीहून लहान बेडकुळी. मूठ आवळून हात दुमडला की दंडावर कातडीखालून टुणकन वर येते ती. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरला त्याची नजर मला फार आवडते, कारण ती गाठ नुसती बेडकाच्या आकाराची नाही, तिची हालचालही बेडकाची आहे. बेडका मात्र प्राणी नव्हेच. खाकरून पडतो तो कफाचा गोळा.

जाता जाता रूपांचंही सांगतो. 'बेडुकाला' लिहू नका. माणूस-माणसाला, तसं बेडूक-बेडकाला. अनेकवचन 'चार बेडूक' बरोबरच, पण आपल्या गावात 'बेडकं वरडायलीत' म्हणतात तेही माणूस-माणसं याच वळणाचं आहे. त्याला अशुद्ध म्हणून पोरांना गप्प करू नये.

आता निसर्गाकडं बघा. शब्दात 'ई' लावून आपण जिला लहान केलं, ती मादी बहुतेक बेडकांत नरापेक्षा मोठी असते. आणि रात्रभर डराव डराव चालतं ते नरांचं. पहिल्या दणक्याच्या पावसानंतर शेततळ्याच्या काठी बॅटरी घेऊन उभं राहा. एरवी शेवाळी-मातकट दिसणारा मोठ्या बेडकाचा नर त्या दिवसांत लिंबासारखा पिवळा झालेला असतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेजर्द फुगे फुगतात. म्हणजे म्हणीत फुगते बेडकी, तळ्यात फुगतो बेडूक.

म्हणून विज्ञानाच्या तासाला 'बेडकाची मादी' असंच म्हणावं, आणि बेडकी आजीच्या अर्थानं राहू द्यावी. दोन्ही शब्द पोरांना लागणारच आहेत.

लहानपणी आमच्या विहिरीजवळच्या डबक्यात एका थोराड बेडकाच्या पाठीवर बारका बेडूक घट्ट बसलेला दिसला होता. आमची आजी म्हणाली, "बघ रे, माय लेकराला पाठीवर घेऊन चाललीया." कितीतरी वर्षांनी कळलं, की खालची ती मादी आणि वरचा तिचा नर. पुढच्या पायांनी तिला काखेत धरून तो बसून राहतो, ती पाण्यात अंडी सोडते तेव्हा त्यांवर शुक्र सोडता यावं म्हणून. आजीच्या बोलीत बेडकी म्हणावं असा तोच होता.