रॉडवाल्याने पाय टेकायचा आणि प्लेटवाल्याने नाही, असं का?

पाऊस सुरू झाला की नडगीचे प्रश्न वाढतात, ह्या वेळीही तसंच झालंय. तीन पत्रं घेतलीत, बाकीच्यांचे प्रश्न बहुतेक ह्यातच येऊन जातात.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आमचे हे जूनमध्ये डिचोलीहून साखळीला येताना स्कूटरवरून घसरले, उजव्या नडगीचं हाड मधोमध मोडलं, ऑपरेशन करून आत रॉड घातलाय. दुसऱ्याच दिवशी वॉकर दिला आणि म्हणाले पाय टेका, सोसेल तेवढं वजन टाका. शेजारच्या काकांचंही नडगीचंच हाड, पण गुडघ्याला लागून, त्यांना प्लेट घातलीय आणि तीन महिने पाय टेकायचाच नाही असं सांगितलंय. सासूबाई म्हणतात आपल्या डॉक्टरांनी घाई केली, रॉड वाकला तर काय करायचं? हे पण घाबरून पलंगावरच बसून आहेत. कोणाचं खरं? आणि चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला हे उभे राहतील का? (एक वाचक, साखळी)

उत्तर: ताई, दोन्ही डॉक्टरांचं खरं आहे. रॉड चांगला की प्लेट चांगली असा हा मामलाच नाही, हाड कुठे मोडलंय आणि मोडलेली टोकं एकमेकांवर टेकतात का, हे बघायचं असतं.

असं समजा की पोकळ बांबू मोडलाय. बाहेरून एका बाजूला पट्टी बांधली तर बांबूवर भार आला की पट्टी वाकायला बघणार, कारण भार मधून जातोय आणि पट्टी कडेला आहे. तेच आतल्या पोकळीतून कांब घातली तर ती भाराच्या रेषेतच बसते. नडगीचं हाड असंच आतून पोकळ आहे, म्हणून मधल्या भागात मोडलं की आम्ही बहुतेक वेळा रॉडच घालतो. १९३९ साली जर्मनीत कील शहरात गेरहार्ड क्युन्चर ह्या सर्जनने असा रॉड मांडीच्या हाडात घातला होता, नंतर त्यात वरून-खालून आडवे स्क्रू आले, त्या स्क्रूंमुळे पाऊल गर्रकन फिरत नाही आणि पाय आखूडही होत नाही. टोकं नीट टेकलेली असतील तर पाय टेकल्यावर वजन हाड आणि रॉड दोघं मिळून उचलतात. आता रॉड वाकण्याची भीती. भरीव रॉडचा हिशोब धरला तर ८ मिलीमीटरच्या जागी १० मिलीमीटरचा रॉड जवळजवळ अडीच पट जास्त ताठ असतो, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून तर सर्जन पोकळीत नीट बसेल एवढा जाड रॉड मापून घालतो. वॉकर धरून टाकलेल्या पावलांनी तो वाकत नाही.

आणि खरं सांगू का, थोडी हालचाल हाडाला हवीच असते. स्टीफन पेरेन नावाच्या स्विस सर्जनने हे फार छान समजावलंय, त्यांचं म्हणणं असं की भेग किती रुंद आहे आणि चालताना ती त्या रुंदीच्या किती टक्के हलते ते बघा. पक्कं हाड साधारण २ टक्क्यांपर्यंतच ताण सोसतं, पण सुरुवातीला भेगेत जी मऊ, रक्ताळ पेशींची भर तयार होते ती १०० टक्क्यांपर्यंत ताणली तरी तुटत नाही. म्हणजे १ मिलीमीटरच्या भेगेत अर्धा मिलीमीटर हालचाल झाली तर ताण ५० टक्के, तिथे हाड बनणारच नाही, पण तीच अर्धा मिलीमीटर हालचाल तुकडे-तुकडे झालेल्या १० मिलीमीटरच्या जागेत पसरली तर फक्त ५ टक्के. आधी मऊ भर येते, तिने जागा थोडी घट्ट होते, मग जास्त कडक भर, आणि शेवटी हाड. रॉडमध्ये ही बारीक हालचाल मिळते म्हणून एक्सरेत भोवती गोळा दिसतो, त्याला आम्ही कॅलस म्हणतो. तो दिसला की मला स्वतःला फार बरं वाटतं, इतकी वर्षं झाली तरी.

काकांचं प्रकरण वेगळं आहे. गुडघ्याला लागून मोडलं म्हणजे बहुतेक सांध्याच्या पृष्ठभागालाच तडा गेला असणार. तिथलं हाड आतून स्पंजासारखं, आणि वर जी गुळगुळीत कूर्चा असते ती एकदा खचली की पुढे गुडघा दुखत राहतो, त्यामुळे तुकडे उचलून जागेवर बसवायचे, प्लेट आणि स्क्रूने धरून ठेवायचे आणि हाड भरेपर्यंत वरून भार येऊ द्यायचा नाही. त्यांनी आपलं पाळावं, तुम्ही आपलं पाळा, एकमेकांचं बघून काही करू नका.

एक मात्र आहे, रॉड म्हणजे लगेच चाल असंही सगळ्यांना लागू नाही. मध्ये हाडाचा चुरा झाला असेल, टोकं टेकतच नसतील, तर सगळा भार रॉड आणि स्क्रूंवर येतो, अशा पेशंटला आम्हीच सांगतो जरा दमाने. तुमच्या यजमानांना दुसऱ्या दिवशी टेकायला सांगितलंय म्हणजे सर्जनला टोकं नीट बसलेली दिसली असणार. तेव्हा त्यांना पलंगावरून उठवा. बसून राहिलं की घोटा आखडतो, पोटरी सुकते, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. टेकल्यावर थोडं दुखेल, पण रोज आदल्या दिवसापेक्षा कमी दुखायला हवं. दुखणं वाढतच चाललं, ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा पोटरी टणक होऊन सुजली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

चवथीला ते उभे राहतील असं मला वाटतं, पण माटोळी बांधायला स्टुलावर चढायचं नाही, खाली खुर्चीत बसून एकेक फळ वर द्यावं. नडगी पुरती जुळायला चार ते सहा महिने सहज लागतात.

प्रश्न: माझ्या मुलाची नडगी गुडघ्याच्या थोडी खाली मोडली, रॉड घातला. एक्सरेत दोन स्क्रू असे दिसतात की ते रॉडमधून गेलेलेच नाहीत, बाजूलाच आहेत. वॉर्डात कोणीतरी म्हणालं डॉक्टरांचा नेम चुकला. झोप उडालीय. (एक वडील, मडगाव)

उत्तर: दादा, नेम चुकलेला नाही, मला तर ते वाचून उलट चांगलं वाटलं. नडगीचा वरचा भाग कर्ण्यासारखा रुंद असतो, रॉड तिथे सैल पडतो, हंडीत काठी उभी करावी तसा, आणि गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध वरचा तुकडा पुढे खेचतो, मग हाड वाकडं जुळतं. म्हणून सर्जन मुद्दाम रॉडच्या बाजूला स्क्रू मारून पोकळी अरुंद करतो, रॉड सरळ वाटेनेच जायला हवा म्हणून. त्यांना पोलर स्क्रू म्हणतात, पोलर म्हणजे रस्त्यावर गाड्यांना वाट दाखवायला जे खुंट रोवतात ते. तुमच्या मुलाच्या एक्सरेत तेच खुंट आहेत. पुढच्या व्हिजिटला सर्जनलाच विचारा, म्हणावं हे पोलर आहेत ना, ते आनंदाने दाखवतील.

प्रश्न: भाऊ मोटरसायकल पायलट आहे, म्हणजे भाड्याने मागे पॅसेंजर बसवून नेतो. नडगीत रॉड घालून चार महिने झाले, आता एक्सरेत खालचा एक स्क्रू तुटलेला दिसला. आम्ही स्टीलचा घेतला, टायटॅनियम घेतला नाही म्हणून झालं का? आणि गाडी त्याने कधी चालवायची? (एक बहीण, पेडणे)

उत्तर: ताई, स्वतःला दोष देऊ नका. टायटॅनियमचा ताठपणा स्टीलच्या निम्म्याहून थोडा जास्त, हाडाच्या जरा जवळचा, तेवढ्यापुरता फायदा आहे, पण टायटॅनियमचे स्क्रूसुद्धा तुटतात. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. दिवसाला त्या पायावर अडीच हजार पावलं धरली तरी चार महिन्यांत तीन लाख झाली. हाड आणि धातू ह्यांच्यात शर्यत असते, हाड आधी जुळलं तर धातूला सुट्टी, हाड उशीर करत असेल तर धातू कधीतरी थकणारच. म्हणून मला स्क्रूपेक्षा हाडाची काळजी वाटते. समोरून आणि बाजूने अशा दोन एक्सरेंत हाडाच्या चार कडा दिसतात, त्यातल्या तीनवर भर पूल बांधल्यासारखी दिसते का ते विचारा. दिसत असेल तर तुटलेला स्क्रू तसाच राहिला तरी चालतो, कधी कधी तर तो तुटल्यावर टोकं जवळ येऊन हाड उलट लवकर जुळतं. भर दिसत नसेल तर रक्ताच्या तपासण्या करून जंतुसंसर्ग नाही ना ते बघायचं, साखर बघायची, आणि भाऊ सिगारेट ओढत असेल तर ती आजच बंद, सिगारेटने हाड जुळायला नक्की उशीर होतो.

गाडी अजून नाही. मागे पॅसेंजर असताना गाडी कलली की दोघांचा आणि गाडीचा भार एका नडगीवर येतो, तोही तिरका, आणि वाकवणारा असा भार रॉडला सगळ्यात जड जातो. तीन कडा जुळल्या, कुबडी न घेता न लंगडता चालता आलं, की सर्जनला विचारून आधी आठवडाभर एकट्याने चालवू दे, मग पॅसेंजर घेऊ दे.