एअर बेड घेतला तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलावी लागते का?

हो, बदलावीच लागते. एअर बेड म्हणजे हवेच्या फुग्यांची गादी. तिला जोडलेला पंप दर काही मिनिटांनी एका ओळीतले फुगे भरतो आणि शेजारचे सोडतो, त्यामुळे माकडहाडावर एकाच जागी सतत भार राहत नाही. एवढंच तिचं काम. टाचा, घोटे, खुबा ती पूर्ण वाचवत नाही. कूस साधारण दर दोन तासांनी बदला, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा.

घोळ होतो तो गादी घालताना. ती नेहमीच्या गादीवर अंथरायची आणि वर एकच सुती चादर, तीही सैल. गोधडी किंवा जाड रबरी कापड घातलं की निम्मा फायदा गेला. पंपाचं बटण वजनाप्रमाणे लावा. मग रुग्ण झोपलेला असताना माकडहाडाच्या जागी एअर बेडच्या खालून तळहात सरकवा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. वीज गेली की गादी हळूहळू बसते, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घ्या. त्याला वीज फारच थोडी लागते.

कातडी रोज उजेडात बघा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात झालीच समजा. सावळ्या अंगावर लाली कळत नाही, तिथे जागा गरम किंवा कडक लागते का ते चाचपा. अशा जागी चोळू नका, भार काढा, डॉक्टरांना दाखवा.