चित्रपटातील उघड दृश्य कुठे संपते आणि पोर्नोग्राफी कुठे सुरू होते?

पडद्यावर काय आणि किती दाखवले म्हणजे मानांकन देणारे मंडळ त्याला चित्रपट न म्हणता पोर्नोग्राफी म्हणते, असा आपला प्रश्न आहे. भारतापुरते सांगायचे तर अशी मोजपट्टी प्रमाणपत्राच्या व्यवस्थेत नाहीच. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सर्वांसाठी ‘यू’, पालकांच्या मार्गदर्शनासह ‘यूए’, फक्त प्रौढांसाठी ‘ए’ आणि विशिष्ट व्यावसायिकांपुरते ‘एस’ एवढीच प्रमाणपत्रे मिळतात. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांनुसार तीन भाग पडले, परंतु ‘ए’च्या पलीकडे कप्पा ठेवलेला नाही. मंडळ ‘ए’ देते, काटछाट सुचवते किंवा प्रमाणपत्र नाकारते. पोर्नोग्राफी ठरवण्याचे काम त्यानंतर फौजदारी कायद्याकडे जाते.

ब्रिटनमध्ये प्रौढांसाठीच्या ‘१८’च्या पुढे ‘आर१८’ असा वेगळा वर्ग असून त्या चित्रफिती परवानाधारक दुकानांतच विकता येतात. त्यामुळे तिथल्या मंडळाला रेषा आखावीच लागते आणि ती आखताना प्रेक्षकाला उत्तेजित करणे हाच त्या कलाकृतीचा मुख्य हेतू आहे काय, हे पाहिले जाते. २००४ च्या ‘नाइन साँग्ज’मध्ये खरा संभोग चित्रित झालेला असूनही तो ‘१८’ वर्गात विनाकाटछाट मंजूर झाला तो याच न्यायाने. अमेरिकेत १९६८ पासून मानांकन चित्रपट उद्योगाचीच संघटना देते. तिने प्रौढांसाठीच्या ‘एक्स’ या चिन्हाची नोंदणी केली नव्हती, म्हणून अश्लील चित्रपट काढणाऱ्यांनी ते सर्रास स्वतःच चिकटवून घेतले, आणि अखेर १९९० मध्ये त्याच्या जागी ‘एनसी-१७’ हे नवे चिन्ह आणावे लागले. मानांकनाची अब्रू एकदा गेली की गंभीर चित्रपटही त्याच पंगतीत बसतो, याचा हा धडधडीत नमुना आहे.

आपल्याकडे खरा निकष १९९१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सापडतो: चित्रपटाचा विचार समग्रपणे, त्याच्या एकंदर परिणामाच्या दृष्टीने व्हावा, लैंगिक अत्याचाराचे प्रसंग टाळावेत, आणि विषयासाठी अपरिहार्य असतील तर कमीत कमी ठेवून तपशील दाखवू नये. ‘बँडिट क्वीन’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हाच विचार पुढे नेला. फूलनला विवस्त्र करून गावातून नेण्याचे दृश्य वासना चाळवण्यासाठी नसून अत्याचाराची चीड यावी यासाठी आहे, असे मानून ‘ए’ प्रमाणपत्र कायम ठेवण्यात आले. पुढे २०१४ मध्ये, नग्न छायाचित्र छापल्याबद्दलच्या अवीक सरकार प्रकरणात, याच न्यायालयाने हिक्लिन ही जुनी इंग्रजी कसोटी (सहज बिघडू शकणाऱ्या मनावर काय परिणाम होईल ते पाहणारी) सोडून समकालीन समाजाचे मापदंड स्वीकारले. नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हे या दोन निकालांवरून पुरेसे स्पष्ट होते.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या घराण्याचे एकपडदा चित्रपटगृह होते. भुसावळच्या वितरकांकडून पेटी आली की प्रमाणपत्र पाहण्याचे काम माझ्याकडे असे. त्यावर चित्रपटाची लांबी असे, आणि काटछाट झाली असेल तर कोपऱ्यात एक त्रिकोण. मागल्या बाजूस कापलेल्या भागांची यादी. पोस्टरवरचा गोलातला ‘ए’ पाहून सकाळच्या खेळाला येणारे अनेक जण निराश होऊन परतत, कारण ज्याची ते वाट पाहत ते त्रिकोणाच्या नावे आधीच कापले गेलेले असे. ती निराशा ओळखून खान्देशातल्या काही चित्रपटगृहांत, आणि इतरत्रही, मंजूर चित्रपटाच्या मधोमध भलत्याच रिळाचा तुकडा जोडला जाई. कथेशी, नटांशी, एवढेच काय पण चित्रपटाच्या भाषेशीही त्याचा काडीचा संबंध नसे. माझ्या मते आपण विचारता ती रेषा इतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसायची नाही: तुकडा काढून टाकला तर कथेचे काहीही बिघडत नव्हते, आणि तो नसता तर तिकीट घेणारा आलाच नसता. कायद्याच्या दृष्टीनेही प्रकरण सरळ आहे. मंजुरीनंतर चित्रपटात असा बदल करून तो दाखवणे हा सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ७ खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तुकडा अश्लील असेल तर त्याची वेगळी कलमे लागतात.

अर्थात हेतूची कसोटी निर्दोष नाही. चार प्रसंगांची कथा बेतून तिच्या आडून धंदा करणारा निर्माता असतोच, आणि तपासणी समितीतल्या दोन सदस्यांना एकाच दृश्याचा हेतू वेगवेगळा दिसू शकतो. म्हणून मी स्वतः दृश्याची लांबी, कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर थांबतो आणि त्या दृश्यानंतर पात्रांच्या आयुष्यात काही बदलते काय, हे पाहतो.

ओटीटीबाबत गल्लत करू नये. तिथे २०२१ च्या नियमांप्रमाणे मंच स्वतःच वर्गवारी करतो, मंडळाची पूर्वतपासणी नसते. तरीही माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७अ तिथे लागू आहेच: उघड लैंगिक कृतीचे साहित्य प्रसारित केल्यास पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. मंचाने स्वतः लावलेल्या ‘ए’च्या चिठ्ठीने या कलमापासून संरक्षण मिळत नाही.