डोसानंतरचा ताप अन् मांडीतली गाठ

प्रश्न : नातू दीड महिन्याचा. काल उपकेंद्रात दोन्ही मांड्यांत सुया दिल्या. रात्री अंग तापलं, लेकरू सारखं किरकिरतंय. उजवी मांडी बरी आहे, डावीत मात्र गाठ आलीय. सुई चुकली का? अडीच महिन्यांचा डोस द्यावा की नाही?
– एक आजी, ता. गेवराई

उत्तर : सुई चुकलेली नाही. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्रित लस देतात. तिच्यात डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जंतू असतात. ताप-सूज मुख्यतः त्यांच्यामुळे. ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो, गाठ मात्र काही आठवडेही राहू शकते. ओल्या फडक्याची घडी ठेवा. चोळू नका, शेकू नका. हळद-चुना तर नकोच. लालसरपणा पसरू लागला किंवा पू दिसला, तर दाखवा.

खरा घोळ होतो तो औषधात. पॅरासिटामॉल वजनावर देतात, एका वेळी किलोला 10 ते 15 मिग्रॅ. बाळ 4 किलोचं असेल तर 50 मिग्रॅ धरा. ड्रॉप्सच्या बाटलीवर ‘1 मिलीत 100 मिग्रॅ’ असेल तर ते झाले अर्धा मिली. ‘5 मिलीत 125’ असलेल्या सिरपचे 2 मिली, ‘5 मिलीत 250’ असलेल्याचा 1 मिली. शेजारणीने सांगितलेले ‘2 मिली’ ड्रॉप्समधून पाजले की थेट चौपट! म्हणून बाटली नर्सबाईंना दाखवून माप विचारा, चमच्याऐवजी ड्रॉपर वापरा. दोन डोसांत 6 तास हवेत, दिवसात चारच्या वर नको. ॲस्पिरिन अजिबात नको. अंगावरची वाकळ काढा, सुती झबलं पुरे. दूध वारंवार पाजा.

झटका, अंग ढिलं पडणं, तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, दूध सोडणं किंवा दोन दिवसांनंतरही ताप, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठा. श्वास लागला तर 108.

पुढचा डोस द्याच. झटका किंवा जोराची ॲलर्जी आली असेल तरच आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : ऊसतोडीला निघालोय, तारीख हुकली तर पहिल्यापासून सुया घ्याव्या लागतील का?
– एक वाचक, ता. केज

उत्तर : नाही. राहिलेल्या डोसापासून पुढे चालू. पेंटाव्हॅलंटच्या दोन डोसांत किमान 4 आठवडे हवेत, एवढंच. कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात डोस मिळतो. कार्ड मात्र पेटीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा. मोबाइलमध्ये फोटोही काढून घ्या.