जोखीमपत्रावर सही केली म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही

प्रश्न : गुलमर्ग येथील एका खासगी संस्थेच्या स्कीइंग प्रशिक्षणाचे शुल्क मी आगाऊ भरले होते. वाऱ्यामुळे गोंडोला (उतारावर नेणारी केबल कार) बंद राहून दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या दिवशी बर्फ पडत होता, समोरचे धड दिसत नव्हते, तरीही प्रशिक्षकाने आम्हा नवशिक्यांना सरावाचा उतार सोडून वरच्या अवघड उतारावर नेले. तेथे पडून माझ्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. धोका मान्य असल्याचे लिहून दिलेल्या जोखीमपत्रावरील माझी सही दाखवून संस्था हात झटकते. मी महाराष्ट्रात राहते. तक्रार कोठे करावी?

उत्तर : वाया गेलेले दिवस आणि झालेली दुखापत या दोन बाबी कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. वाऱ्यामुळे गोंडोला बंद पडणे हा कोणाचाही दोष नाही, त्यामुळे त्यासाठी भरपाई मिळणे कठीण आहे. संस्थेने जो खर्च केलाच नाही, तेवढ्या शुल्काचा परतावा मात्र कराराच्या अटी पाहून मागता येईल. या मुद्द्यावर फार भर देऊ नये, असे माझे मत आहे.

खरा दावा दुखापतीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) नुसार निष्काळजीपणा आणि आवश्यक माहिती हेतुपुरस्सर दडवणे, या दोहोंचा सेवेतील त्रुटीत समावेश होतो. जोखीमपत्रावर सही करताना आपण शिकताना पडण्याचा, म्हणजे या खेळाचा स्वाभाविक धोका स्वीकारला. दृश्यमानता नसताना अवघड उतारावर नेण्याचा प्रशिक्षकाचा निर्णय त्यात येत नाही, असा युक्तिवाद आपल्याला करता येईल. ‘तुम्ही नकार द्यायचा होता’ असे संस्था म्हणेलच. परंतु जो उतार ओळखण्याचे ज्ञान घेण्यासाठीच पैसे मोजतो, त्याच्याकडून त्या ज्ञानाची अपेक्षा करणे विचित्र आहे. जोखीमपत्रातील अटच अन्यायकारक म्हणून रद्दबातल ठरवून घ्यायची असेल, तर राज्य ग्राहक आयोगाकडे जावे लागते. आपल्या प्रकरणात त्याची गरज मला दिसत नाही.

कलम 34 प्रमाणे आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते, काश्मीरला जाण्याची आवश्यकता नाही. तक्रार कोणत्या स्तरावरील आयोगाने ऐकायची, हे भरलेल्या शुल्कावरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये.

निकाल बहुधा पुराव्यावर फिरेल. हवामान विभागाचा त्या दिवसाचा अंदाज, हिमस्खलनाचा इशारा असल्यास तो, सहप्रशिक्षणार्थींची शपथपत्रे, प्रशिक्षकाचे संदेश, पहिल्या तपासणीची कागदपत्रे आणि एमआरआय अहवाल आताच जमवावेत. मोबाइलमधील छायाचित्रे व संदेश पुराव्यात द्यायचे असल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे. तक्रारीपूर्वी नोटीस देणे बंधनकारक नसले तरी ती अवश्य पाठवावी, कारण संस्थेच्या उत्तरातून तिचा बचाव उघड होतो.

आपण प्रवास विमा घेतला असल्यास साहसी खेळ त्यातून वगळलेले आहेत का, हे आधी तपासावे आणि दाव्याची सूचना कंपनीस विनाविलंब द्यावी. कंपनीने दावा नाकारल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. मात्र तोच वाद ग्राहक आयोगापुढे प्रलंबित असल्यास लोकपाल तो ऐकत नाही. म्हणून संस्थेविरुद्धच्या तक्रारीत विमा कंपनीला पक्षकार करायचे की नाही, हे तक्रार दाखल करण्यापूर्वीच आपल्या वकिलाशी बोलून ठरवावे.